क्रेगबाईंचं घर: एक नाटक, दोन सिनेमे आणि वॉल्टरची सिगारेट

तिसरी_घंटा

जोन क्रॉफर्डचा 'हॅरिएट क्रेग' (१९५०) बऱ्याच काळाने पुन्हा पाहिला आणि पाठोपाठ रोझालिंड रसेलचा 'क्रेग्ज वाइफ' (१९३६). एकाच नाटकावरचे, एकाच कोलंबिया स्टुडिओचे, पण दोन्हींतली बाई काही एक नाही. त्यावर बोलायला हा धागा. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना सिनेमे कोऱ्या पाटीने बघायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मूळ नाटक जॉर्ज केलीचं. १९२५ साली ब्रॉडवेवर आलं, १९२६चं पुलित्झर घेऊन गेलं. (केली हा नटी ग्रेस केलीचा काका. हे सांगितल्याशिवाय या नाटकावर लिहायची परवानगी मिळत नसावी, म्हणून सांगून टाकलं.) १९२८ मध्ये त्यावर एक मूकपटही निघाला होता, विल्यम डमिलचा, म्हणजे दिग्दर्शक सेसिल डमिलच्या थोरल्या भावाचा. तो बाजूला ठेवू.

हॅरिएट क्रेगचं घर आरशासारखं लख्ख. दिवाणखान्यात बसायला बंदी नाही, पण बसलेला माणूस आपण होऊनच उठतो. नोकरमाणसं शोभेच्या वस्तूंच्या आसपास श्वास रोखून वावरतात. नवऱ्याचे मित्र हळूहळू यायचे थांबलेत. शेजारची विधवा मिसेस फ्रेझर साधी चौकशीला आली तरी हॅरिएटच्या कपाळावर आठी. नवरा, वॉल्टर, मात्र सुखात आहे, कारण त्याच्या काही लक्षातच आलेलं नाही.

१९३६च्या सिनेमात हे सगळं उसवतं ते एका खुनामुळे. वॉल्टरचा मित्र पासमोर बायकोला मारून स्वतःलाही संपवतो, आणि त्याच रात्री वॉल्टर त्यांच्या घरी गेलेला असतो. हॅरिएटला काळजी एकच, पेपरात आपलं नाव येईल. ती फोनवरून परस्पर चौकशी करते आणि नेमका तोच फोन पोलिसांना तिच्या दारात आणतो. मग एकेक जण निघतो. वॉल्टरची आत्या, हाउसकीपर मिसेस हॅरल्ड, भाची एथेल, शेवटी वॉल्टर.

१९५०त खून गायब. त्याऐवजी हॅरिएट खोटं बोलते, आणि किती! आपल्याला मूल होऊ शकत नाही असं नवऱ्याला सांगून ठेवलंय, ते खोटं. नात्यातली बहीण क्लेअर घरात राबायला ठेवलीय, तिचं वेसशी जुळत आलेलं ही मोडते. कंपनी वॉल्टरला जपानला पाठवणार म्हटल्यावर थेट त्याच्या साहेबाकडे, फेनविककडे, जाऊन सांगते की हा माणूस पैशाच्या बाबतीत भरवशाचा नाही. स्वतःच्या नवऱ्याबद्दल!

आता माझा मुद्दा. नाटकातली हॅरिएट भाचीला स्वच्छ सांगते: माझ्याकडे पैसा नव्हता, हातात कसलं कसब नव्हतं, तेव्हा मोकळं व्हायचा एकच रस्ता होता आणि तो मी लग्न करीन त्या पुरुषातून जात होता. १९३६च्या सिनेमात हे बोलणं आगगाडीत होतं. पुढे ती वॉल्टरला आईची कहाणी सांगते. वडिलांनी दुसऱ्या बाईपायी राहतं घर गहाण टाकलं, आई खचून गेली, सावत्र आई आली आणि तिने दोघी बहिणींना लवकरात लवकर वाटेला लावलं. १९५०च्या पटकथेत ते गहाणखत नाही. बापाला दुसऱ्या बाईबरोबर पाहिलं, तो घर सोडून गेला, पोरीच्या मनावर जखम झाली, एवढंच उरलं.

मला हा बदल साधा वाटत नाही. पहिल्या हॅरिएटचा हिशेब बरोबर आहे. १९२५ साली हातात काहीच नसलेली बाई असा विचार करत असेल तर तिला खोडून काढायचं कशाच्या जोरावर? म्हणून ती जास्त भिववते. दुसरीला मानसोपचाराची गरज आहे असं म्हणून आपण घरी जाऊन झोपू शकतो. क्रॉफर्डचा सिनेमा बघायला जास्त थरारक आहे, हे कबूलच. पण तो लहान झालाय.

कृष्णधवल

छान धागा. १९३६च्या घराबद्दल थोडं. दिग्दर्शक डोरोथी आर्झनर, त्या काळात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत टिकून काम करणारी जवळपास एकटी बाई. स्टुडिओच्या कला विभागाने केलेला सेट तिला पटला नाही, म्हणून तिने विल्यम हेन्सला बोलावलं. हा हेन्स मूकपटांच्या काळातला बडा नट. एका पुरुषाबरोबर राहत होता, ते लपवायला तयार नव्हता, आणि त्यातून एमजीएम स्टुडिओतलं त्याचं करिअर संपलं. मग त्याने घरं सजवायचा धंदा सुरू केला आणि त्यात पहिल्यापेक्षा जास्त नाव काढलं. त्या दिवाणखान्यातले खांब, पुतळे, पांढऱ्या भिंती बघा. माणसांनी राहायला केलेली ती जागाच नाही.

आणि गंमत म्हणजे याच हेन्सने जोन क्रॉफर्डचं खरं घरही सजवलं होतं. दोघांची जुनी घट्ट मैत्री.

अवांतर: पटकथा मेरी मकॉलची, संकलन व्हायोला लॉरेन्सचं. मकॉल पुढे १९४२ मध्ये पटकथाकारांच्या संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. तीन बायकांनी मिळून एका पुरुषाचं बायकोवर चिडलेलं नाटक हातात घेतलं होतं, हे लक्षात ठेवून बघा.

खडूस_आत्या

लिहिलंय उत्तम, पण मला हे गहाणखत प्रकरण पचत नाही. आईचं घर गेलं म्हणून बाई नवऱ्याला धाकात ठेवते, समजलं. पण क्लेअरने काय घोडं मारलं होतं? तिच्यामुळे घर जाणार होतं का? उलट ती बिचारी घरातलं सगळं बिनपगारी करते. तिला लग्न करून जाऊ दिलं तर फुकटची माणूस हातची जाईल, म्हणून वेसला एक सांगायचं आणि क्लेअरला दुसरं. हा जिवाच्या आकांताने केलेला बचाव नाही. आपल्या हाताखाली कोणीतरी असावं ही हौस आहे.

नोकर बायकांशी ती कशी बोलते ते बघा. दोन्ही सिनेमांत. जिच्या आईला घराबाहेर पडावं लागलं, तिला दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईबद्दल काडीची कणव नसावी? असुरक्षिततेचं कारण देऊन सगळंच माफ करायचं असेल तर मग बोलायलाच नको.

तिसरी_घंटा

आत्या, माफ कुठे करतेय मी? कारण सांगितलं म्हणजे सोडून दिलं असं थोडंच आहे. आणि क्लेअरचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. क्लेअर ही हॅरिएटच्या दृष्टीने काय आहे? लग्न झालं नसतं तर आपण जे झालो असतो ते. नातेवाइकाच्या घरात, त्याच्या मर्जीवर, कपाटं आवरत. तिच्याकडे रोज बघत असताना घराच्या किल्ल्या कोण सैल सोडेल?

मिसेस हॅरल्डबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. जेन डार्वेलने ती काय उभी केलीय! नोकरी सोडून जाताना तिच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा येतो तो सिनेमातल्या बाकी कोणाच्याच वाट्याला येत नाही. तिला दुसरीकडे काम मिळणार आहे, हे तिला माहीत आहे. त्या घरात स्वतःच्या हिमतीवर कमावणारी तीच एक.

वाटसरू७

सगळे बाईवरच बोलताय. वॉल्टरचं काय?

मला तो भोळा वगैरे वाटत नाही. दिवाणखान्यातली खुर्ची इंचभर सरकली तर बायकोचा चेहरा कसा होतो हे ज्याला दिसत नाही, तो आंधळा तरी असेल नाहीतर सोयीस्कर आंधळा. घर टापटीप, बायको देखणी, पाहुण्यांसमोर मिरवायला उत्तम. मित्र यायचे थांबले तर यांनी विचारलंसुद्धा नाही. आणि मग एक दिवस अचानक जाग येते, हा बाणेदारपणे शोभेची वस्तू फोडतो, दिवाणखान्यात बसून सिगारेटी ओढतो आणि निघून जातो. टाळ्या! पण तो जाऊ शकतो, कारण नोकरी त्याची, खिशात पैसे त्याचे.

यावरून आर्झनरने एका मुलाखतीत सांगितलेली हकीकत आठवली. तिने केलीला आपलं मत सांगितलं, की वॉल्टर आईच्या धाकात वाढलेला असणार, म्हणूनच त्याला आपल्यापेक्षा खमकी बायको आवडली, आणि खरं तर त्याने हॅरिएटपुढे गुडघे टेकून आभार मानायला हवेत कारण तिने त्याला पुरुष बनवलं. केली सहा फूट उंचीचा. तो उठून उभा राहिला, म्हणाला हे माझं नाटक नव्हे, वॉल्टर भला माणूस आहे, आणि क्रेगबाईंना त्याने जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. एवढं बोलून तो चालता झाला. दोघांची भेट ती एवढीच.

म्हणजे लेखकाला एक बाई ठोकायची होती आणि दिग्दर्शिकेने तिच्या बाजूला कॅमेरा नेऊन ठेवला.

फुलदाणी_फोडे

वाटसरू, +१, पण सिगारेटीवर अन्याय करू नका. त्या प्रसंगासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा बघायला तयार आहे. नायकाने बंड केलं म्हणजे काय केलं, तर आपल्याच घरात आपल्याच खुर्चीत बसून सिगारेट ओढली आणि थोटकं तिथेच टाकली. ना आरडाओरडा, ना थप्पड. एवढ्या छोट्या गोष्टीला बंड म्हणावं लागतं यातच त्या घराचा सगळा इतिहास आला.

१९५०त तिची लाडकी फुलदाणी फुटते तेव्हा क्रॉफर्डचा चेहरा बघून ठेवा. नवरा चाललाय याहून तिला ते जास्त लागलंय की काय, असं वाटतं.

(माझं नाव या धाग्यासाठी घेतलेलं नाही. आधीपासून आहे. घरी विचारू नका.)

अनुजा_क

क्रॉफर्डवर कोणी बोलेल म्हणून थांबले होते. माझ्या मते ही तिची सगळ्यात अचूक भूमिका आहे, ऑस्कर मिळालेल्या 'मिल्ड्रेड पिअर्स'पेक्षाही. ती आवाज चढवत नाही. क्लेअरशी बोलताना, नवऱ्याशी बोलताना, साहेबाच्या घरी बोलताना तोच गोड, समजावणीचा सूर. फेनविककडचा प्रसंग परत बघा. ती नवऱ्याची चहाडी करत नाहीये, ती त्याची 'काळजी' करतेय. अडखळत, संकोचत, जणू तिच्या तोंडून हे काढून घेतलं जातंय. समोरचा म्हातारा विरघळतो आणि वॉल्टरची बढती गेली.

पण इंटरनेटवर या सिनेमाबद्दल काहीही वाचायला गेलं की तिसऱ्या ओळीत तिच्या मुलीचं पुस्तक येतं. क्रिस्टीना क्रॉफर्डचं आठवणींचं पुस्तक १९७८चं. त्यात आई स्वच्छतेपायी किती कठोर होती ते आहे, आणि त्यामुळे आता सगळे म्हणतात की क्रॉफर्डने हॅरिएट केली नाही, ती हॅरिएटच होती. पुस्तक सिनेमानंतर अठ्ठावीस वर्षांनी आलं! १९५०च्या प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यावर सिनेमाचा परिणाम झालाच ना? नटी स्वतःसारखीच वागत होती म्हटलं की तिच्या कामाचं श्रेय आपोआप पुसलं जातं. पुरुष नटांबद्दल हे इतक्या सहज बोललेलं मी तरी वाचलेलं नाही.

रोझालिंड रसेलने हॅरिएट केली तेव्हा ती तिशीचीही नव्हती. तिच्या हॅरिएटमध्ये एक थंडपणा आहे, वयामुळे आणखी अंगावर येणारा. या बाईने हे सगळं तरुणपणीच ठरवून ठेवलंय.

बोरू_मोडका

कायद्याच्या अंगाने थोडी भर. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला १९२०त, म्हणजे नाटकाच्या पाचच वर्षं आधी. तेव्हा हॅरिएटच्या तोंडी 'मोकळं होणं' येतं ते प्रेक्षकांच्या कानांना ताजं होतं. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा हक्क बऱ्याच राज्यांत एकोणिसाव्या शतकातच मिळालेला होता, पण ती मालमत्ता आणायची कुठून? आणि कर्ज किंवा उधारी देताना बाई म्हणून किंवा विवाहित म्हणून फरक करायला देशपातळीवर मनाई झाली ती १९७४च्या कायद्याने. त्याआधी बँक खुशाल नवऱ्याची सही मागत असे. आता १९२५ची हॅरिएट या पार्श्वभूमीवर उभी करून बघा. धागाकर्तीशी सहमत व्हावं लागतं.

१९५०च्या बाबतीत दुसरी गोष्ट. युद्धाच्या काळात कारखान्यांत गेलेल्या लाखो बायकांना परत घरी जायला सांगून फार वर्षं झाली नव्हती. घर हेच तुमचं राज्य, हे मासिकं, जाहिराती, सगळीकडून चाललेलं. आणि त्याच वेळी हा सिनेमा म्हणतो, घराला फार राज्य समजू नका हं! बाईने करायचं काय नक्की?

जपानचंही तसंच. १९५०त जपानवर दोस्तांचा ताबा होता, तो संपला १९५२त. तिथे जायचं म्हणजे नवऱ्याच्या हाताला मोठं काम आणि बायकोच्या हातून नवरा गेला, असा सरळ सौदा. हॅरिएटचं भय अगदीच हवेतलं नव्हतं.

खडूस_आत्या

बोरूभाऊ, सगळे कायदे मान्य. पण तुमचे कायदे तिच्या शेजारणीलाही लागू होते ना? मिसेस फ्रेझर विधवा आहे. तिच्या डोक्यावर तर नवऱ्याचंही छत्र नाही. ती काय करते, गुलाब लावते आणि लोकांना वाटते. एकच काळ, एकच गल्ली, दोन बायका. मग काळाला दोष देऊन कसं भागेल?

आणि अलीकडचं बोलायचं तर इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून जोडीदाराला असं सतत दाबून, तोडून, नजरेखाली ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे. मारहाण नसली तरी. मित्र तोडणं, पैशाबद्दल नाचक्की करणं, कुठे गेलास कोणाला भेटलास याचा हिशेब मागणं. हॅरिएटच्या जागी पुरुष घाला आणि वॉल्टरच्या जागी बाई, मग या धाग्यावर कोणी गहाणखताची गोष्ट काढली असती का, खरं सांगा.

वाटसरू७

आत्यांचा शेवटचा प्रश्न चांगलाच बोचला. पण उलटापालट केल्यावर एक गोष्ट जुळत नाही. त्या काळच्या नवऱ्याला असं वागायला खोटं बोलावं लागलं नसतं. बायकोने कोणाशी बोलावं, कुठे राहावं, नोकरी करावी की नाही, हे तो उघड ठरवत होता आणि त्यावर नाटक लिहायचं कोणाच्या मनात आलं नसतं. हॅरिएटला तेच लपूनछपून करावं लागतं. सत्ता नसलेल्या माणसाचं राजकारण असंच असतं, कुजबुजीतून चालणारं. त्याने क्लेअरचं दुःख कमी होत नाही, हे मान्य.

तिसरी_घंटा

आत्या, मिसेस फ्रेझरचा मुद्दा मस्त. पण तिच्या नवऱ्याने जाताना तिच्यासाठी घर मागे ठेवलंय! बाग फुलवायला आधी अंगण आपलं असावं लागतं.

आणि याच बाबतीत वॉल्टर नाटकात एक भयंकर गोष्ट बोलून जातो. तू घराशी लग्न केलंस, तर शक्य असेल तोवर ते तुला मिळत राहील याची मी व्यवस्था करीन, अशा अर्थाचं. हा सूड आहे की उदारपणा? मी अजून ठरवू शकलेली नाही. तिला हवं होतं तेच तो देतो.

१९३६च्या शेवटाबद्दल एक तक्रार आहे. हॅरिएटच्या बहिणीच्या मृत्यूची तार येते, मिसेस फ्रेझर गुलाब घेऊन आलेली असते, हॅरिएट पहिल्यांदाच तिच्याशी माणसासारखं बोलायला वळते तर ती निघून गेलेली. इथे थांबायला हवं होतं. पण नाही, पडद्यावर आत्याचं वाक्य लिहून येतं, की जे आपल्यापुरतेच जगतात त्यांना जग त्यांच्यापुरतंच सोडून देतं. रसेलच्या चेहऱ्याने सगळं सांगून झाल्यावर फळ्यावर सुविचार कशाला?

फुलदाणी_फोडे

सूड. शंभर टक्के सूड. घर मिळालं, झाडायला माणूस नाही.

नवखा_प्रेक्षक

धागा वाचून बघायची इच्छा झाली. शेवट कळला आहेच, त्याला आता इलाज नाही. आधी कुठला बघू?

कृष्णधवल

१९३६चा. जेमतेम सव्वा तासाचा आहे. नंतर क्रॉफर्डचा. उलटा क्रम लावलात तर रसेल मवाळ वाटेल आणि आर्झनरने कॅमेरा कुठे ठेवलाय तिकडे लक्षच जाणार नाही. आणि दोन्हींत जिने कोण चढतंय, कोण उतरतंय ते बघत राहा.

अनुजा_क

मी म्हणेन क्रॉफर्डचा आधी. हॅरिएटचा राग येऊ द्या, चांगला सणसणीत राग येऊ द्या. मग रसेलचा तो आगगाडीतला प्रसंग बघा आणि इथे येऊन आत्यांच्या बाजूने लिहायचं की धागाकर्तीच्या, ते ठरवा.

खडूस_आत्या

माझ्याच बाजूने लिहितील. क्लेअरला विसरू नका म्हणजे झालं.